महाजनकाकांच्या वाट्याची लिफ्ट

महाजनकाका तळमजल्यावर राहतात आणि रोज सकाळी लिफ्टनं चौथ्या मजल्यावर जातात. तिथं त्यांचं कुणाकडे काही काम नसतं. कुणाची बेल वाजवत नाहीत, कुणाची चौकशी करत नाहीत. त्याच मजल्यावरच्या गच्चीच्या दारातून बाहेर जरा नजर टाकतात आणि त्याच लिफ्टनं खाली येतात. खाली आल्यावर जाळीचं दार उघडतात, परत लावतात आणि पुन्हा एकदा वर जाऊन येतात. मग घरी जाऊन चहा टाकतात.

आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा मी भीतभीतच विचारलं होतं, "काका, वर कुणाकडे जाता?"

"कोन्हाकडे नई."

"मग?"

"मास्तरीनबाई, तळमजल्यावाला म्हनून मले लिफ्टचे पैसे माफ हायेत का?"

"नाहीत."

"मंग माझ्या वाट्याची लिफ्ट कोन वापरीन? तुम्ही?"

मी शाळेत विज्ञान शिकवते, पण हा हिशेब कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता. पहिल्या फेरीचा उलगडा झाला. दुसरी फेरी कशासाठी, ते मी विचारलं नाही. व्याजाची असेल, असं मनाशी ठरवून टाकलं.

बऱ्हाणपुरातल्या आमच्या या इमारतीच्या नावात 'दर्शन' आहे, पण तापीचं दर्शन होतं ते फक्त गच्चीवरून. बाकी सगळ्या खिडक्यांतून समोरच्या इमारतीचे पायजमे दिसतात. अशा या इमारतीत जे जे सामाईक आहे, त्यातला आपला वाटा काका पुरेपूर वसूल करतात. स्वतःच्या घरात दिवा असताना मेथी निवडायला ते पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली खुर्ची टाकून बसतात. वॉचमनच्या पगारात आपला वाटा आहे, म्हणून संध्याकाळी थोडा वेळ वॉचमन त्यांचा. त्या वेळात त्यानं काही राखायचं नसतं, फक्त काकांच्या गावच्या, दापोऱ्याच्या विहिरीची हकीकत ऐकायची असते. बिचाऱ्याला ती आता इतकी पाठ झाली आहे की मध्ये काका अडखळले तर तो पुढचं सांगतो. गच्चीचा आपल्या वाट्याचा कोपरा काका स्वतः झाडतात. झाडता झाडता झाडू शेजारच्याच्या वाट्यात गेला तर मात्र तेवढ्यापुरतं त्यांना दिसत नाही.

"आपल्या वाट्याचं सोडू नई, दुसऱ्याच्या वाट्याचं ओढू नई," हा त्यांचा मंत्र. इमारतीतली मुलं त्यांना वाटेकाका म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि काकांना ते आवडतं.

पण गंमत अशी की हा मंत्र ते उलट्या बाजूनंही तितकाच पाळतात. एकदा त्यांचा भाचा बहादरपूरहून येऊन काही दिवस राहिला. तो गेल्याबरोबर काका माझ्या दारात हजर. मी कमिटीची सेक्रेटरी आहे. कशी झाले तेही सांगून टाकते. पार्किंगमध्ये मीटिंग चालू होती, वर माझ्या कुकरनं शिट्टी दिली म्हणून मी गॅस बंद करायला गेले, परत आले तर लोक टाळ्या वाजवत होते. गैरहजर माणसाला बिनविरोध निवडून द्यायची आमच्याकडे जुनी रीत आहे.

तर काका दारात. म्हणाले, "भाच्यानं पानी वापरलं, जिन्याचा लाइट वापरला, अन् लिफ्टनं गच्चीवर सिगरेट ओढाले जात व्हता. त्याचा वाटा घ्या."

"काका, पाहुण्याचा कुठं वाटा असतो?"

"पाहुन्याचा नई. पन पाहुना माझा हाय ना?"

पावती फाडून घेतली तेव्हाच हलले. जाताना बजावून गेले, सिगरेटचा वास गच्चीवर सगळ्यांच्या वाट्यात गेला, त्याचं काही करता येत नाही, त्याबद्दल माफी असावी.

काकांची दापोऱ्याला केळीची बाग आहे. ती भाऊ बघतात. हंगामात एखादा घड इमारतीत येतो आणि पार्किंगमध्ये त्याची वाटणी होते. केळीच्या घडात वरच्या फण्या भरदार असतात आणि खाली खाली जावं तशी केळी बारीक होत जातात. काका कोयत्यानं एकेक फणी सोडवून वर्तमानपत्रावर मांडतात आणि मग बाजूला सरून उभे राहतात. प्रत्येकानं यायचं आणि हवी ती उचलायची. लोक अर्थातच वरच्या फण्या उचलतात. शेवटी उरते ती चिमुकल्या केळ्यांची फणी, आणि ती काका स्वतः घेऊन जातात.

"काका, घड तुमचा, आधी तुम्ही घ्या ना," मी एकदा म्हटलं.

"दापोऱ्याचा कायदा हाय, मास्तरीनबाई. वाटे पाडनारानं शेवटी उचलायचं. आमच्या घरी जमिनीची वाटनी झाली तव्हा थोरल्यानं वाटे पाडले, धाकट्यानं आधी उचलला. विहिरीच्या पान्याचं बी तसंच. शेवटी आपल्यालेच उचलायचं असलं की मानूस वाटे नीट पाडतो."

हा कायदा आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा केळ्यांबरोबर खाल्ला होता की लहान मुलांनाही तो तोंडपाठ होता.

आता त्या दुसऱ्या फेरीकडे येते, कारण तिच्यापायी आमच्या घरात एक वैर निर्माण झालं होतं. पहिल्या फेरीला काका लिफ्टच्या मधोमध ऐसपैस उभे राहतात आणि वाटेत कुणी भेटलं तर त्याला आत घेतात. दुसऱ्या फेरीला ते बटणांच्या बाजूला कोपऱ्यात अंग चोरून उभे असतात. लिफ्ट रिकामी. जाळीच्या दारातून स्वच्छ दिसतं की आत दुसरं कुणी नाही. आणि तुम्ही आत शिरायला गेलात तर काका हात आडवा धरतात आणि म्हणतात, "पुढच्या फेरीले या. ही भरली."

इमारतीतल्या लोकांनी हेही काकांच्या खात्यात घातलं आणि सवय करून घेतली. माझ्या सासूबाईंनी नाही घेतली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत आणि डॉक्टरांनी जिना सक्त बंद केलाय. एके सकाळी त्या राजपुरा मोहल्ल्यात भजनाला निघाल्या होत्या, हातात झांजांची पिशवी, आणि नेमकी काकांची दुसरी फेरी दारात आली. काकांनी हात आडवा धरला. लिफ्ट सासूबाईंच्या डोळ्यांदेखत एकट्या माणसाला घेऊन गेली.

"रिकामी लिफ्ट भरली म्हणतो मेला!" सासूबाई घरात येऊन कडाडल्या. "त्याच्या बापाची आहे का?"

"त्यांच्या वाट्याची आहे, आई," मी म्हटलं, आणि त्या दिवशी आमच्या घरात माझ्याशीही अबोला झाला. माझा संध्याकाळी सुटला. काकांचा मात्र सुटला नाही. त्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांचं नाव 'भरलेवाला' ठेवलं आणि ते दिसले की पदर सावरून तोंड फिरवायला लागल्या. काकाही त्यांना बघून खाली मान घालून निघून जात.

अशातच लिफ्ट बंद पडली.

आधी ती मध्येच थांबायला लागली, मग कण्हायला लागली, आणि एक दिवस तळमजल्यावर जी बसली ती उठलीच नाही. सासूबाई तिसऱ्या मजल्यावर अडकल्या. सुरुवातीला त्या खिडकीतून भाजीवाल्याशी भांडून वेळ घालवत होत्या. नंतर तेही सोडलं. भजनी मंडळातल्या बायका एकदा वर येऊन गेल्या, पण त्यांचेही गुडघे काही सोळा वर्षांचे नाहीत. इंदूरहून माझ्या धाकट्या दिरांचा फोन आला, "आईला इकडे पाठवून द्या. आपलं तळमजल्याचं घर आहे." बोलणं काही खोटं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं जड मनानं कपाटावरची बॅग काढली. सासूबाईंचा जन्म राजपुऱ्यातला, सगळं आयुष्य बऱ्हाणपुरात गेलं. बॅगेत साड्या भरताना एकदाच म्हणाल्या, "इंदूरात मला कोण ओळखतं गं?" एरवी त्यांच्या प्रत्येक बोलण्याला माझ्याकडे प्रत्युत्तर तयार असतं. त्या दिवशी मी नुसत्या साड्यांच्या घड्या घालत राहिले. मला त्या जायला नको होत्या. भांडायला घरात दुसरं आहे कोण मला?

म्हणजे आता सगळं लिफ्टवर होतं, आणि लिफ्ट मीटिंगवर.

मीटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. लिफ्टवाल्या मेकॅनिकनं सांगितलं होतं की मशीन दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय, नवीनच बसवावं लागेल. खर्च ऐकला आणि सगळ्यांना एकदम आठवलं की आपण लिफ्ट वापरतच नाही. पहिला मजला म्हणाला, आम्ही फक्त सिलिंडर चढवतो. दुसरा मजला म्हणाला, आम्हांला तर डॉक्टरांनीच जिना चढायला सांगितलाय. चौथा मजला म्हणाला, इमारत सगळ्यांची, सगळ्यांनी सारखे भरा. आणि मग तळमजल्याचे मोहनसेठ उठले. सेठचं साड्यांचं दुकान आहे आणि बोलताना ते हात असे पसरतात की जणू समोर शालू उलगडलाय.

"देखो भाई, सीधी बात. मी खाली राहतो, माझी फॅमिली खाली राहते. आम्हाला लिफ्टशी क्या लेना-देना? महिन्याचं देतो तेच लई झालं. नवीन मशीनला तळमजला एक पैसा नाही देणार. काय काका? तुम्हीच सांगा."

सगळे काकांकडे बघायला लागले. तळमजल्यानं अंग काढलं की पहिला मजला काढणार, मग दुसरा, आणि राहिलेल्यांना खर्च झेपणार नाही. लिफ्ट कायमची बंद आणि सासूबाई इंदूरला. आणि हा निकाल कुणाच्या तोंडून येणार होता? तर पार्किंगच्या ट्यूबलाइटमधला आपला उजेडसुद्धा न सोडणाऱ्या माणसाच्या.

काका उठून उभे राहिले. मग म्हणाले, "सेठ, हे बोलनं तुमचं नई. माझं हाय. लिफ्ट बसवाची पहिली बैठक झाली तव्हा अठीच उभा राहून मी बोललो व्हतो. शब्द बी हेच व्हते."

"मग तर झालंच!" सेठ खूश झाले.

"झालं. आता तुम्ही वाटे पाडा. कोन्या मजल्यानं किती भरायचं, तुम्हीच ठरवा. कोन्ही मधी बोलनार नई."

मला रडूच यायचं बाकी होतं. पण काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी गप्प बसले. सेठनी खिशातून पेन काढलं. तळमजला शून्य. पहिला मजला नावाला. दुसरा जरा बरा, तिसरा जड, आणि चौथ्याचा आकडा असा की चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकू खुर्चीचा हात धरून बसल्या.

"झालं?" काकांनी विचारलं. "आता मास्तरीनबाई, चिठ्ठ्या करा. घरागनिक एक. एकेका चिठ्ठीवर एकेका मजल्याचं नाव टाका. ज्याले जी निंघीन, त्यानं त्या मजल्याचे पैसे भरायचे. तो राहतो कुठी, त्याचा काही संबंध नई. अन् सेठ, दापोऱ्याचा कायदा तुम्हाले ठाव हाय. केळी खाल्ली हायेत तुम्ही."

अख्खं पार्किंग एका सुरात म्हणालं, "वाटे पाडणारानं शेवटी उचलायचं!"

सेठच्या हातातलं पेन तिथंच थांबलं. "एक मिनट, एक मिनट. म्हणजे मला शेवटी चौथा निघाला तर?"

"निंघीन बी. नशिबाची गोष्ट हाय."

सेठ खाली बसले. कागद मांडीवर घेतला. आधी चौथ्या मजल्याचा भार एकदम उतरला, मग तिसऱ्याचा. तेवढे पैसे कुठून तरी काढायला हवेत, म्हणून पहिला मजला थोडा चढला. मग सेठ त्या शून्याकडे बघत बसले. शून्याची चिठ्ठी दुसऱ्याच कुणी उचलली तर? त्यांनी शून्य खोडलं. आयुष्यभर गिऱ्हाइकाशी घासाघीस केलेला माणूस स्वतःशीच घासाघीस करताना मी पहिल्यांदा बघितला. मध्येच त्यांच्या बायकोनं घरातून चहा पाठवला, तो निवून गेला. शेवटी कागदावर जे उरलं, ते असं होतं की प्रत्येकानं काहीतरी भरायचं, वरच्यांनी जरासं जास्त, पण कुणाला खुर्चीचा हात धरावा लागू नये.

"आता यातली कोनती बी चिठ्ठी निंघाली तं चालीन तुम्हाले?" काकांनी विचारलं.

सेठनी दोनदा कागद वाचला. "चलेगा," ते म्हणाले.

"मंग चिठ्ठ्या फाडा, मास्तरीनबाई. ज्यानं त्यानं आपल्या आपल्या मजल्याचं भरा. वाईट वाटा राह्यलाच नई, तं चिठ्ठी कायले काढायची?"

आधी सेठच हसले, हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम सांगते. मग सगळेच हसले. मी जिना धावत चढले, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला श्वास उरला नव्हता, आणि दारातच म्हटलं, "आई, बॅग सोडा."

सासूबाईंनी सगळी हकीकत दोनदा ऐकून घेतली. "भरलेवाला बोलला असं? आज सूर्य पश्चिमेला उगवला का?" एवढंच म्हणाल्या. पण बॅगेतून पहिल्यांदा काय काढलं असेल, तर झांजांची पिशवी. ती खुंटीवर गेली आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

मशीन आलं, बसलं, नारळ फुटला. लिफ्ट सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई भजनाला निघाल्या. किती दिवसांनी नेसलेली इस्त्रीची साडी, हातात काठी, खांद्याला पिशवी. मी दारापर्यंत आले. लिफ्ट खालून वर येत होती. जाळीतून बघितलं तर काका, आणि उभे होते बटणांच्या कोपऱ्यात, अंग चोरून. दुसरी फेरी!

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "जा बाबा, जा. तुमची भरलेली असेल."

लिफ्ट मात्र थांबली. काकांनी जाळीचं दार उघडलं. हात आडवा आला नाही. ते दाराकडेच बघत बोलले, आमच्याकडे नाही.

"वहिनी, त्या दिवशी तुम्हाले आत घेतलं नई. तुमचा राग बराबर हाय. लिफ्ट बसवाची पहिली बैठक झाली तव्हा मीच आडवा पडलो. तळमजल्याले कायले लिफ्ट, म्हनलं. माझं आयकून सगळेच फिरले, अन् लिफ्ट कितीक वर्सं राहून गेली. आमच्या घरवालीचे, शांताचे बी गुडघे गेले व्हते, तुमच्यासारखे. उन्हाळ्यात बाया गच्चीवर पापड वाळवत, हसत, ते खाली आयकू ये. ती म्हने, गच्चीचे पैसे आपन भरतो, मंग मले एक डाव वर न्या ना, तापी पाहू द्या. मी म्हनलो, दापोऱ्याले जाऊ तव्हा वाटेत पाह्यजो. लिफ्ट बसली, तव्हा ती नव्हती."

माझा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. सासूबाईंनी पदर सावरला, पण तोंड फिरवलं नाही.

"पहिली फेरी माझी," काका म्हणाले. "ही शांताची. ह्या फेरीत मी कोन्हाले घेत नई." मग त्यांनी कोपऱ्यात आणखी थोडं अंग चोरलं. "या, वहिनी. आज जागा हाय."

सासूबाईंनी काठी पुढे टाकली आणि आत गेल्या. काकांच्या शेजारी, बरोबर त्या रिकाम्या ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिल्या. "मला खाली जायचंय," त्या हळूच म्हणाल्या.

"जाऊ. पन आधी वर. ही फेरी आधी वर जाते."

लिफ्ट वर गेली. मी दारातच उभी राहिले. वरून गच्चीच्या दाराचा आवाज आला, मग सासूबाईंचा आवाज, "अगं बाई, केवढं पाणी आहे हो तापीला!" त्यानंतर दोघं कशावर तरी बोलत होते, मला शब्द कळले नाहीत. मी उगाचच पदरानं दाराची कडी पुसली.

लिफ्ट खाली यायला लागली. या माणसानं आजवर जी जागा कुणाला दिली नव्हती, ती आज आमच्या आईंना दिली होती, आणि आता त्यांना रिक्षात नीट बसवून द्यायला तरी आपण खाली जावं, म्हणून मी बटण दाबलं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दोघांचेही डोळे लाल होते. मी दार उघडून आत पाऊल टाकणार, तोच सासूबाईंची काठी माझ्यापुढे आडवी आली.

"तू जिन्यानं ये," त्या म्हणाल्या. "ही भरली."